‘मॅडम अजून रुळल्या नाहीत’

पत्र : ताई, मी सावंतवाडीकडची. गेल्या जूनमध्ये लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झाले. गाव वाईट नाही, माणसंही वाईट नाहीत, पण मी बाहेरचीच राहिले आहे. पहिल्याच आठवड्यात पोरांना म्हटलं, ‘खळ्यात जाऊन खेळा’, तर सगळा वर्ग हसला. डबा मी एकटी वर्गात बसून खाते, कारण कधी डब्यात सुकं, म्हणजे वाळवलेली मासळी, असतं आणि स्टाफरूममध्ये दोन गुरुजी माळकरी आहेत. १७ सप्टेंबरला मी नेहमीच्या वेळेला शाळेत पोचले, तर ध्वजवंदन होऊन गेलेलं. आमच्याकडे त्या दिवशी असं काही नसतं, मला ठाऊकच नव्हतं. मुख्याध्यापक पोरांसमोर म्हणाले, ‘म्याडम आजून रुळल्या न्हाईत.’ तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. मी मराठी शिकवते, तरी रुळणे म्हणजे नेमकं काय ते मला सांगता येत नाही. रेल्वेच्या रुळावरून आलाय का तो? म्हणजे मी रुळावरून घसरलेली? पोरंही माझी नक्कल करतात. वर्गात मी ‘गजाली पुरे!’ म्हणते, तर मधल्या सुटीत तीही एकमेकांना ‘गजाली पुरे’ म्हणत हसतात. घरी आई-बाबा दोघंच आहेत. बदलीचा अर्ज करावा का? आणि रुळायचं म्हणजे आपण बदलायचं का? – एक शिक्षिका

ताई म्हटलंस, तेव्हा मी सरळ ‘तू’वर येते. आमच्याकडे अहोजाहो फार लांबलं की बोलणारा माणूस तहसील कचेरीतून आल्यासारखा वाटतो.

आधी रेल्वेचं मिटवू. नाही, रुळणे रेल्वेच्या रुळावरून आलेलं नाही. आखणीचा रूळ, पोलिसाच्या हातातला रूळ आणि गाडीखालचा रूळ ही बहुधा साहेबाच्या ‘रूलर’कडची सोयरीक. रुळणे त्याहून पुष्कळ जुनं, इथल्याच मातीतलं. पण तुझी शंका मी अशी झटकून टाकणार नाही, कारण तिच्यात तुझं दुखणं आहे. रुळाचा हिशेब फार कडक असतो. तुझ्याच जिल्ह्याचं उदाहरण देते. (हो, आता तुझाच.) बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली. तिच्या दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या गाडीचं १,६७६. मुंबईहून आलेला डबा कुर्डुवाडी जंक्शनहून लातूरकडे सरकूच शकायचा नाही. माणसं, पोती, ट्रंका, सगळं तिथं उतरवायचं नि छोट्या गाडीत चढवायचं. २००७-०८ मध्ये हा मार्ग रुंद झाला तेव्हा कुठं ही उतरव-चढव थांबली. रुळाचं असं आहे : चाकाचं माप तंतोतंत बसलं तर गाडी, नाही तर खोळंबा. मुख्याध्यापक बोलले तेव्हा तुला हाच हिशेब ऐकू आला असणार. आपलं माप इथलं नाही.

रुळणे हा शब्द मुळात मापाचा नाहीच.

तो आपण कुठंकुठं वापरतो ते बघ. गळ्यातली माळ छातीवर रुळते. मोकळे केस खांद्यावर रुळतात. फेट्याचा शेमला पाठीवर रुळतो. पुढे वाट रुळते, नवा शब्द भाषेत रुळतो, आणि सगळ्यात शेवटी माणूस, म्हणजे सून घरात, पोरगं शाळेत, नवा कारकून टेबलावर. शब्दाचं मूळ माळ, केस, शेमला या तीन गोष्टींत आहे. संस्कृतात ‘लुल्’ धातू आहे : हेलकावणे, इकडून तिकडे लोळणे. ल आणि र आपल्या भाषांत सतत जागा बदलतात. रुळणेचं नातं या लुल् घराशी लावतात, आणि लोळणे, लोळण ही तिथलीच मंडळी. तेव्हा जे रुळतं ते मुळात सैल असतं. माळ गळ्याला आवळली तर ती रुळते असं कुणी म्हणणार नाही, सोडवायला धावतील. केसांची वेणी घट्ट घातली की रुळणं संपलं. जागा ठरलेली, पण हलायला मोकळीक, त्या अवस्थेला हा शब्द.

याची दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली नांदेडला देह ठेवला, त्यामुळे तिथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात देशभरातून शीख यात्रेकरू येतात. एकदा तिथं लंगरात पंजाबातून आलेल्या एक आजी माझ्या शेजारी बसल्या होत्या. बोलता बोलता मी माझ्या मोडक्या हिंदीत सुनेचं कौतुक केलं, ‘बहू अब घर में रुल गई है.’ आजींचा घास हातातच राहिला. पंजाबीत रुलणा म्हणजे पायदळी येणं, वाऱ्यावर पडणं, हाल होणं. बिचाऱ्या माझ्या सुनेसाठी हळहळल्या, मला काय बोलावं कळेना. दोन्ही शब्द त्या एकाच लोळण्याचे. मराठीत लोळण गळ्यावर आली आणि शोभा झाली, पंजाबीत ती धुळीत गेली. तुझे मुख्याध्यापक मराठीत बोलले, तुला मात्र ते पंजाबीत ऐकू आलं.

पोरांसमोर बोलायला नको होतं, ते वेगळं. त्याबद्दल त्यांची बाजू मी घेणार नाही. शिक्षकाची उणीव मुलांपुढे काढली की पुढचे पंधरा दिवस वर्ग त्या शिक्षकाचा राहत नाही. हे त्यांना कळायला हवं होतं.

आता वाटेकडे ये, कारण मला खरं सांगायचंय ते इथं आहे. रुळलेली वाट म्हणजे काय? वाट स्वतः काही करत नाही. ती रुळते ती पायांनी. एक माणूस धुऱ्यावरून आडवा गेला, दुसरा त्याच्या मागे, मग शाळेची पोरं, मग दुधवाला. चार महिन्यांनी तिथलं गवत दबलेलं, माती घट्ट झालेली. हे पायांचं काम. वाटेचा त्यात हात एवढाच की ती तिथून हलली नाही. शब्दाचंही तेच. ‘टेबल’ मराठीत रुळला, म्हणून टेबलाने काही व्याकरण शिकून घेतलं नाही. लोकांनी त्याला तोंडात घेतलं, ‘टेबलावर’, ‘टेबलाखाली’ करत आपले प्रत्यय लावले, वापरून वापरून गुळगुळीत केला. शब्द आपण होऊन रुळत नाही, त्याला रुळवतात. आणि गंमत म्हणजे हेच क्रियापद माणसाला लावलं की आपण सगळा भार त्या एकट्या माणसावर टाकतो. सून रुळली नाही, मॅडम रुळल्या नाहीत. पायांना कुणी विचारत नाही की तुम्ही किती चाललात.

या नजरेनं तुझं पत्र मी पुन्हा वाचलं आणि मला हसू आलं. तू तक्रार म्हणून लिहिलंयस की पोरं ‘गजाली पुरे’ म्हणतात. अगं, अहमदपूर तालुक्यातल्या पोरांच्या तोंडात गजाल! इथं गप्पांना गप्पा म्हणतात, नाही तर ‘काय बोलत बसलाव’ म्हणतात. सह्याद्री चढून, अख्खा महाराष्ट्र ओलांडून तो शब्द या गावच्या मधल्या सुटीत पोचला, आणि पोरं तो योग्य जागी, योग्य अर्थानं वापरतायत. चिडवायचं असतं तर पोरं तुझ्या पाठीमागे, तुझ्या आवाजात बोलली असती. ती एकमेकांना बोलतायत. सहा महिन्यांत तुझा शब्द रुळला. तो कुणाच्या मागे आला, याचा विचार कर.

खळ्याचंही असंच एक सांगण्यासारखं आहे. तुमच्याकडे खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. आमच्याकडे खळं म्हणजे शेतातली मळणीची जागा. तिथं ज्वारीची कणसं तुडवली जातात, बैल मेढीभोवती फिरतात. निदान फिरायचे, आता मळणीयंत्र धडधडतं. म्हणून पोरं हसली. त्यांना वाटलं मॅडम शाळेच्या वेळात आम्हाला शेतात पिटाळायलीत. पण संस्कृतात ‘खल’ म्हणजे मळणीची जागाच, आणि तो शब्द ऋग्वेदाइतका जुना आहे. कोकणात भात घरापुढेच झोडायचं, म्हणून अंगणालाच खळं म्हणू लागले. मराठवाड्यात शेत गावापासून लांब, खळं तिकडेच राहिलं. तू चुकली नव्हतीस, पोरंही चुकली नव्हती. उद्या फळ्यावर एकाच शब्दाची दोन चित्रं काढ आणि मुलांना सांग, घरी आजीला विचारून तिसरं आणा. मराठीच्या बाईला यापेक्षा चांगला तास कुठला मिळणार?

तुझा शेवटचा प्रश्न, रुळायचं म्हणजे आपण बदलायचं का. इथं मला दुसरा शब्द काढावा लागतो, मावणे. हा मात्र मापाचा. ‘मा’ म्हणजे मोजणे. माप, मात्रा, प्रमाण, परिमाण त्याच धातूचे. आणि जुन्या काळापासून या धातूला दुसरा अर्थही आहे, आत जागा होणे. माघ कवीच्या ‘शिशुपालवधा’त नारदमुनी येतात तेव्हा कृष्णाला होणाऱ्या आनंदाचं वर्णन आहे : प्रलयकाळी सारी जगं ज्या देहात ऐसपैस राहत, त्या देहात हा आनंद मावला नाही. तिथं क्रियापद ‘मा’ हेच आहे. आपण ‘आनंद गगनात मावेना’ म्हणतो तेव्हा तेच बोलत असतो. सामावणे त्यालाच ‘सम्’ जोडून झालेलं. मावायचं तर दोनच उपाय. भांडं मोठं करा, नाही तर वस्तू कापा. नव्या माणसाला लोक बहुधा दुसरा उपाय सुचवतात, आणि तोंडाने मात्र ‘रुळा की जरा’ म्हणतात. (‘ॲडजस्ट करा’ची आणखी एक तऱ्हा. एसटीत तिघांच्या बाकावर चौथा आला की ‘जरा ॲडजस्ट करा’ हे आधी बसलेल्यांना म्हणतात. घरात आणि शाळेत मात्र ते नेमकं नव्याने आलेल्याला म्हणतात. या बाबतीत एसटी शहाणी.)

मी कापून घेतलंय, म्हणून सांगते. मी अंबाजोगाईची. शिकायला पुण्याला गेले तेव्हा माझ्या तोंडी ‘काय करायलाव’, ‘जायलोय’, ‘कामून’. वसतिगृहातल्या मुली वाईट नव्हत्या, पण मी तोंड उघडलं की एक बारीकसं हसू यायचं. एका प्राध्यापिकेनं तर माझं वाक्य वर्गात पुन्हा म्हणून दाखवलं. त्या दिवशी मी ठरवलं, आता बोलायचं ते त्यांच्यासारखं. वर्षभरात जमलं. इतकं जमलं की मला कुणी ‘कुठली?’ विचारायचं बंद झालं, आणि मला वाटलं मी रुळले. दिवाळीला घरी आले. आजी चुलीपुढे भाकरी थापत होती. माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘माय, तू पाहुण्यावानी बोलायलीस.’ मला आजही त्या तव्याचा आवाज आठवतो. पुण्यात मी रुळले नव्हते, नुसती मावले होते. त्या वसतिगृहातल्या एकाही मुलीच्या तोंडी माझा एकही शब्द राहिला नाही. माझ्यापेक्षा तुझी सहा महिन्यांची कमाई मोठी आहे.

आता १७ सप्टेंबर, आमचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्याबद्दल गावाच्या बाजूनं बोलावं लागेल, कारण तो दिवस तुला परका असला तरी इथं तो घराघरात आहे. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, तेव्हा आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि तिथेच राहिलो. पुढचे तेरा महिने रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. तुमच्या आजोबांनी पंधरा ऑगस्टला झेंडा पाहिला असेल. माझ्या आजोबांनी तेव्हा तो घरात दडवून ठेवला होता. ते सही उर्दूत करायचे आणि रात्री एकनाथी भागवत वाचायचे, दोन्ही सारख्याच सफाईने. पुढे १९५६ साली आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्यासाठी आमच्याकडे जुन्या माणसांचा एक ठरलेला शब्द आहे, ‘मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त सामील झाला.’ त्या ‘बिनशर्त’वर जो जोर पडतो ना, तो ऐक एकदा. त्यात अभिमानही असतो आणि थोडा रुसवाही.

आणि सामील हा शब्दच बघ. मूळचा अरबी शामिल. मराठीत येताना श चा स करून घेतला, म्हणजे स्वतःच सामील झाला. पण अरबीत शामिल म्हणजे ज्याने इतरांना कवेत घेतलं आहे तो, व्यापून असणारा. हिंदुस्तानीत येईपर्यंत अर्थ उलटा फिरला, आणि ज्याला आत घेतलं तो शामिल झाला. घेणारा होता तो घेतला गेलेला झाला. मला हा उलटफेर फार आवडतो. आणि मघाचा फेट्याचा शेमला आठवतो? तोही याच अरबी घराण्यातला, गुंडाळणे-पांघरणे या अर्थाकडून आलेला. म्हणजे पाठीवर जो रुळतो तो शेमला आणि जो सामावून घेतो तो शामिल, ही सख्खी भावंडं. मराठवाड्यातल्या कुठल्याही लग्नात फेटा बांधताना तुला दोघं एकत्र दिसतील.

तू स्वतःबद्दल ‘रुजू झाले’ लिहिलंस. तोही अरबीच, रुजूअ म्हणजे परत वळणे. त्याचा बी रुजण्याशी संबंध नाही, कानाला सारखा लागतो एवढंच. रुजू व्हायला एक कागद पुरतो.

तर त्या दिवशी मुख्याध्यापकांना राग आला तो तुझ्या उशिराचा नव्हता असं मला वाटतं. ‘हिला आमचा झेंडा माहीत नाही’ हे लागलं. दुखरी जागा आहे ती. उरलेल्या महाराष्ट्राला आमचा सतरा सप्टेंबर आठवत नाही ही इथली जुनी तक्रार, आणि तू त्या दिवशी एकटीच अख्ख्या उरलेल्या महाराष्ट्राची प्रतिनिधी होऊन गेटातून आत आलीस. तुझा दोष नव्हता, योग वाईट. त्यांच्याकडे एकदा शाळा सुटल्यावर जा, आणि सरळ बोल. ‘सर, मला या दिवसाची माहिती नव्हती, आमच्याकडे पाठ्यपुस्तकाबाहेर कुणी सांगितलं नाही. पण मुलांपुढे बोललात ते मला लागलं.’ दोन्ही वाक्यं, याच क्रमानं. पहिलं गाळलंस तर भांडण होईल आणि दुसरं गाळलंस तर ते पुन्हा तसंच बोलतील. मग त्यांनाच विचार, गावात ते दिवस पाहिलेलं कोण आहे? ऐंशीच्या बरीच पुढची माणसं असतील, दोन-चारच. सातवीच्या मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा, ऐकलेलं लिहून काढा, पुढच्या सतरा सप्टेंबरला मुलांकडून वाचून घ्या. हे काम बाहेरच्या माणसालाच चांगलं जमतं. गावातला माणूस आजोबांना हे विचारत नाही, त्याला वाटतं आपल्याला माहीत आहे.

त्यांच्या वाक्यात आणखी एक शब्द होता, तो तू वगळलास. ‘आजून’. ज्याच्यावर पाणी सोडलं त्याच्याबद्दल अजून म्हणत नाहीत. पाऊस अजून आला नाही असं म्हणतात तेव्हा डोळे आभाळाकडे असतात. फार गोड करून सांगत नाही, टोमणा होताच. पण टोमण्यातही वाट बघणं होतं.

डब्याचं लवकर उरकते, त्यात फार काही नाही. माळकरी गुरुजींसमोर सुकं उघडू नकोस. याला मी स्वतःला कापणं म्हणत नाही, हा शेजारधर्म झाला. सुकं घरी, रात्री, मनसोक्त खा. पण एवढ्यासाठी रोज वर्गात एकटी बसू नकोस, कारण इथं त्याचा अर्थ वेगळा होतो. मराठवाड्यात ‘या जेवायला’ ही नुसती रीत आहे, रस्त्यानं जाणाऱ्यालाही म्हणतात. तिला ‘बसा, होऊ द्या’ म्हणून उत्तर देता येतं. पण जो रोज पाठ करून जेवतो त्याच्याबद्दल गाव म्हणतं, ‘लई मोठ्या घरची दिसती.’ तुला कल्पनाही नसेल, पण तुझ्या बंद डब्याचा निकाल लागून गेलेला असेल. डब्यात वरण-भात असेल त्या दिवशी उचल आणि जा. बोलावण्याची वाट बघू नकोस. ते बोलावून थकलेत असं त्यांचं म्हणणं असेल. ज्वारीची भाकरी तुला जड जाते का ते लिहिलं नाहीस. जात असेल तर अर्धी घे, कोर घे, पण पुढे केलेला हात परत पाठवू नकोस. आणि घरून येताना आमसुलं आण. एप्रिलमध्ये लातूरच्या उन्हात एकदा सगळ्यांना आमसुलाचं सार किंवा सोलकढी पाज. त्यानंतर ‘ते लाल कशाचं हो, मॅडम?’ हा प्रश्न पाच वर्षं चालेल.

बदलीचा अर्ज. तू दोन कारणं एका वाक्यात बांधून पाठवलीस, मी ती सोडवते. आई-बाबा दोघंच आहेत हे कारण खरं आहे आणि त्याला कुणाच्या टोमण्याचा आधार लागत नाही. त्यासाठी अर्ज करायचा तर कर, नियमाप्रमाणे जेव्हा करता येईल तेव्हा, आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नकोस. इथं रमलीस तरी कर. पण ‘मी इथं बसत नाही’ म्हणून करत असशील तर थांब. कारण मग तू जिथं जाशील तिथं फूटपट्टी घेऊन जाशील. घरी परतलीस तरी. मी पुण्याहून परतले तेव्हा घरातच पाहुणी झाले होते, ते मघाशी सांगितलंच.

एक तारीख मात्र चुकवू नकोस. मार्गशीर्षातली अमावस्या आता जवळ आली आहे, इथं तिला येळवस म्हणतात. पंचांग बघणारे वेळ अमावस्या म्हणतात. खाली कानडी मुलखात याच दिवशी एळ्ळ अमावस्या असते. एळ्ळु म्हणजे तीळ. सीमा ओलांडताना तिळाची वेळ झाली असणार, माझा तरी तसाच समज आहे. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करतात, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडतात, ‘ओलगे ओलगे’ म्हणत पिकाभोवती फेरी मारतात. त्या शब्दाचा अर्थ इथल्या शंभरांतल्या नव्व्याण्णवांना सांगता यायचा नाही. म्हणतात मात्र सगळे. मग भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडक्यातली आंबील. त्या दिवशी दुसऱ्याच्या रानात जेवायला जायचं असतं, ओळख असो नसो. तुझ्या वर्गातली पोरं आदल्या दिवशी विचारतील, ‘म्याडम, आमच्या रानात यायलाव का?’ एकाला हो म्हटलंस की बाकीचे रुसतील, म्हणून चारपाच रानं ठरवून घे, जवळजवळची. पायात चप्पल नको, बूट घाल, ढेकळं फार असतात. आणि सकाळी घरून काही खाऊन निघू नकोस. प्रत्येक कोपीत दोन लोटे आंबील झाल्याशिवाय उठू देत नाहीत.